अंध आणि बधिरांध व्यक्तींच्या रोजगार सेवा: सरकारी पैसा कशावर मोजून दिला जातो

अंध व्यक्तींच्या रोजगारासाठी सरकारने अमुक इतका निधी मंजूर केला, अशी घोषणा झाली की चर्चा बहुतेक वेळा त्या आकड्याभोवतीच फिरते. आकडा मोठा असेल तर समाधान व्यक्त होते, लहान असेल तर टीका होते आणि पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत विषय मागे पडतो. आकडा महत्त्वाचा आहेच. परंतु तो पैसा सेवा देणाऱ्या संस्थेच्या हाती कोणत्या अटीवर पडतो, कशाची नोंद झाली म्हणजे काम झाले असे मानले जाते आणि कोणता खर्च मुळातच कोणत्याही लेखाशीर्षात बसत नाही, यावर प्रत्यक्षात कोणाला नोकरी मिळेल आणि कोण वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत राहील हे ठरत असते. दिसणे आणि ऐकू येणे या दोन्ही क्षमता कमी-अधिक प्रमाणात गमावलेल्या, म्हणजेच बधिरांध व्यक्तींच्या बाबतीत तर सारे काही या मोजमापावरच येऊन ठेपते. ही व्यवस्था कशी चालते, हे निरनिराळ्या देशांतील प्रत्यक्ष नियमांच्या आधारे येथे समजून घेऊ.

पैसा नेमका कशावर खर्च होतो

रोजगार सेवा म्हणजे रिकाम्या जागांची यादी आणि अर्ज भरून देण्यास मदत, असा सर्वसाधारण समज असतो. अंध व्यक्तीच्या बाबतीत हा भाग सर्वांत छोटा आणि सर्वांत स्वस्त असतो. हिशेब विभागात काम करणाऱ्या एखाद्या स्त्रीची दृष्टी चाळिशीच्या सुमारास काचबिंदूमुळे गेली असे समजू. तिला आकडेमोड येते, कर आणि ताळेबंद यांचे ज्ञान आहे, अनुभव आहे. तरीही त्या क्षणी तिला घरातून एकटीने बाहेर पडता येत नाही आणि समोरच्या संगणकावर काय लिहिले आहे ते कळत नाही. त्यामुळे तिचे प्रशिक्षण पांढऱ्या काठीपासून सुरू होते. काठीचे टोक डावीकडे टेकते तेव्हा उजवे पाऊल पुढे पडले पाहिजे, काठीचा झोका खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडाच अधिक असला पाहिजे, आणि रस्ता ओलांडण्याची वेळ ही आपल्याला समांतर धावणाऱ्या वाहनांच्या आवाजावरून ओळखली पाहिजे, या गोष्टी पुस्तकातून शिकता येत नाहीत. त्यासाठी प्रशिक्षकाला तिच्यासोबत रस्त्यावर चालावे लागते आणि एक प्रशिक्षक एका वेळी एकाच व्यक्तीला शिकवू शकतो.

त्यानंतर संगणक येतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरायचा म्हणजे माउस बाजूला ठेवून सर्व कामे कळफलकावरून करायची. हिशेबाच्या तक्त्यात एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाताना आपण कोणत्या ओळीत आणि कोणत्या रकान्यात आहोत हे सतत ध्यानात ठेवायचे, आणि ऐकण्याचा वेग हळूहळू इतका वाढवायचा की सवय नसलेल्या कानाला त्यातला एक शब्दही लागू नये. हे साध्य झाल्यावरही एक अडथळा उरतो. ज्या कार्यालयात तिला नोकरी मिळते तेथील हिशेबाची स्वतंत्र प्रणाली बनवताना बटणांना नावे दिलेली नसतील, तर स्क्रीन रीडर प्रत्येक बटणावर केवळ ‘बटण’ एवढेच म्हणतो. मग त्या प्रणालीत बदल करून घ्यावा लागतो किंवा जाणकार तंत्रज्ञाकडून ती स्क्रीन रीडरशी जुळवून घ्यावी लागते. यातले प्रत्येक काम वेगळ्या तज्ज्ञाचे आहे, प्रत्येकाला वेळ लागतो, आणि ही सारी कामे एकत्र केली की अंध व्यक्तीसाठीची रोजगार सेवा तयार होते.

बधिरांध व्यक्तीच्या बाबतीत खर्चाची प्रतच बदलते. अशर सिंड्रोम या आनुवंशिक विकारात व्यक्ती जन्मतः कर्णबधिर असते किंवा तिला कमी ऐकू येते, आणि पुढे डोळ्यांच्या पडद्याचा विकार होऊन तिचे दृष्टिक्षेत्र हळूहळू अरुंद होत जाते. जन्मतः कर्णबधिर असलेली अशी व्यक्ती सांकेतिक भाषेत वाढलेली असते. आता समोरच्याचे हात दिसेनासे होतात, म्हणून बोलणाऱ्याच्या हातांवर आपले हात ठेवून तीच भाषा स्पर्शाने वाचावी लागते. स्क्रीन रीडरचा आवाज तिच्या कामाचा नसतो. तिला ब्रेल डिस्प्ले लागतो, ज्यात पडद्यावरचा मजकूर उठावदार टिंबांच्या रूपाने बोटांखाली येतो. चाळीस अक्षरांचे उपकरण असेल तर एका वेळी चाळीसच अक्षरे. पण डोळ्यांनी वाचत आलेल्या प्रौढाला ब्रेल येत नसते, त्यामुळे संगणकाच्या आधी लिपी शिकवावी लागते, आणि तीही स्पर्शी सांकेतिक भाषेतून शिकवणारा शिक्षक असला तरच. कार्यालयातल्या बैठकीला स्पर्शी दुभाष्या लागतो, आणि हाताचे हे काम इतके थकवणारे असते की लांबलेल्या बैठकीत दोन दुभाष्ये आळीपाळीने बसतात. याखेरीज वाट दाखवणारी, आणि खोलीत कोण आले, कोण गेले, कोण कोणाकडे पाहून बोलत आहे हे हातावर सांगणारी साहाय्यक व्यक्ती लागते. महत्त्वाचे म्हणजे हा खर्च नोकरी लागल्यावर संपत नाही. नोकरी आहे तोवर तो चालूच राहतो.

बधिरांध व्यक्तींच्या जागतिक महासंघाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या जागतिक अहवालात लोकसंख्येच्या ०.२ ते २ टक्के लोक कमी-अधिक तीव्रतेचे बधिरांध असावेत असा अंदाज दिला आहे, आणि अपंगत्व नसलेल्या व्यक्तींच्या तुलनेत त्यांना रोजगार असण्याची शक्यता दहा पटींनी कमी असल्याचे नोंदवले आहे. या दरीचे कारण केवळ मालकांच्या पूर्वग्रहात शोधणे अपुरे ठरते. त्याचा मोठा भाग निधीच्या नियमांत दडलेला आहे.

पैसा येतो कोठून

सर्वांत परिचित मार्ग म्हणजे करांतून जमा झालेला पैसा अर्थसंकल्पातून देणे. अमेरिकेत १९२० च्या कायद्याने नागरिकांसाठी व्यावसायिक पुनर्वसनाची, म्हणजे अपंग व्यक्तीला नोकरीसाठी तयार करण्याची, योजना सुरू झाली, १९४३ च्या दुरुस्तीने अंधांसाठी काम करणाऱ्या राज्य संस्थांना त्यात स्थान मिळाले, आणि १९७३ च्या पुनर्वसन कायद्यावर आजची रचना उभी आहे. तिच्यात प्रत्येक शंभर डॉलरपैकी ७८.७० डॉलर केंद्र सरकार देते आणि उरलेले २१.३० डॉलर राज्याने घालायचे असतात. वरवर पाहता हा राज्यांसाठी फारच फायद्याचा सौदा आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की, काटकसरीच्या वर्षात एखाद्या राज्याने आपल्या वाट्यातले २१ डॉलर वाचवले, तर त्याच्या हातून केंद्राचे जवळजवळ ७९ डॉलरही निसटतात आणि ज्यांनी आपला वाटा भरला आहे अशा इतर राज्यांकडे वळवले जातात. शिवाय राज्याने दोन वर्षांपूर्वी जेवढा खर्च केला होता त्यापेक्षा कमी खर्च केला, तर तेवढ्या तुटीची रक्कम केंद्राच्या अनुदानातून कापली जाते. अंध नागरिकाला मात्र यातले काही दिसत नाही. या महिन्यात नवे प्रशिक्षण सुरू होणार नाही, एवढेच त्याला सांगितले जाते.

निधी सर्व पात्र व्यक्तींना पुरणारा नसेल, तर अमेरिकन कायद्याने एक क्रम लावून दिला आहे: ज्यांचे अपंगत्व सर्वांत तीव्र, त्यांना आधी सेवा. हा नियम मला अत्यंत न्याय्य वाटतो. टंचाईच्या काळात कोणतीही यंत्रणा स्वाभाविकपणे सोपी प्रकरणे हाती घेते, आणि हा क्रम नेमकी त्याच ओढीला आळा घालतो. मात्र क्रमात वर असणे म्हणजे आवश्यक तेवढे दुभाष्ये उपलब्ध असणे नव्हे, हेही लक्षात ठेवावे लागते.

जर्मनीने दुसरा मार्ग धरला आहे. तेथे वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने पाच टक्के जागांवर तीव्र अपंगत्व असलेल्या व्यक्ती नेमणे बंधनकारक आहे, आणि ज्या जागा भरल्या जात नाहीत त्यांच्यासाठी दरमहा भरपाई द्यावी लागते. एकाही अशा व्यक्तीला न नेमणाऱ्या मोठ्या आस्थापनांसाठी २०२४ मध्ये ही रक्कम प्रत्येक रिकाम्या जागेमागे दरमहा ७२० युरोपर्यंत नेण्यात आली. जमा झालेला पैसा इतरत्र न वळवता अपंग व्यक्तींच्या रोजगारासाठीच वापरला जातो; त्यातून कामाच्या जागी लागणारी उपकरणे आणि साहाय्यक यांचा खर्च भागतो. फ्रान्समध्येही सहा टक्क्यांचे बंधन आणि त्याला जोडलेला निधी अशीच पद्धत आहे. या मार्गाची मोठी जमेची बाजू म्हणजे दरवर्षी अर्थमंत्र्यांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही. परंतु त्यात एक विसंगती आहे जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही: मालकांनी कायदा जितका चांगला पाळला तितका निधी आटतो, आणि नेमक्या त्याच वेळी नोकरीत आलेल्या अधिक व्यक्तींना साहाय्याची गरज असते. म्हणून केवळ भरपाईच्या पैशावर सारी व्यवस्था उभी करणे धोक्याचे आहे.

तिसरा मार्ग म्हणजे रोख पैसा देण्याऐवजी हक्क देणे. स्पेनमध्ये अंधांच्या ‘ओन्से’ या संस्थेला, तिच्या स्थापनेपासून म्हणजे १९३८ पासून, लॉटरीची तिकिटे विकण्याचा अधिकार सरकारने दिला. तिकीट विकणे हाच अनेकांचा रोजगार झाला आणि उत्पन्नातून संस्थेच्या सेवाही चालल्या. अमेरिकेत १९३६ च्या रँडॉल्फ-शेपर्ड कायद्याने केंद्र सरकारच्या इमारतींमधील विक्री केंद्रे चालवण्यात अंध व्यक्तींना प्राधान्य दिले. येथे सरकार जागा देते आणि ती व्यक्ती त्या जागेवर स्वतःचा व्यवसाय उभा करते. अशा हक्कांनी कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सावरली आहेत. तथापि कोविडच्या काळात कार्यालये ओस पडली तेव्हा या विक्रेत्यांचे उत्पन्न एकदम थांबले, आणि एकाच प्रकारच्या कामावर मदार ठेवण्यातला धोका उघड झाला.

कामाचे मोल कसे ठरवायचे

खरा पेच पुढेच आहे. सरकार स्वतः सेवा देत नसेल आणि ती संस्थांकडून करून घेत असेल, तर संस्थेला पैसे कशाबद्दल द्यायचे? दिलेल्या तासांबद्दल, नोंदणी झालेल्या माणसांबद्दल, की नोकरी लागलेल्या माणसांबद्दल?

एके काळी पैसा सरसकट अनुदान म्हणून दिला जात असे. त्या पद्धतीतल्या उणिवा आजही विसरता कामा नयेत. अंधांसाठीच्या कार्यशाळांमध्ये माणसे वर्षानुवर्षे खुर्च्यांचे वेत विणत बसली, संस्थेला अनुदान मिळत राहिले, आणि त्यांच्यापैकी किती जण बाहेरच्या खुल्या बाजारात पगारी नोकरीवर गेले हे विचारणारे कोणी नव्हते. अमेरिकेत तर १९३८ च्या वेतन कायद्यातील एका कलमाने अपंग कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्याची मुभा विशेष परवान्याने दिली. म्हणून ‘निकाल दाखवा, मग पैसे घ्या’ ही मागणी पुढे आली तेव्हा ती रास्त होती, आणि ती करणाऱ्यांमध्ये स्वतः अंध कार्यकर्तेही होते.

परंतु निकालावर पैसे देण्याचे गणित कसे चालते ते पाहू. समजा, नोकरी लावून दिलेल्या प्रत्येक व्यक्तीमागे संस्थेला शंभर रुपये मिळतात. ज्या अंध उमेदवाराला काठी, ब्रेल आणि स्क्रीन रीडर आधीच येते, त्याला नोकरीपर्यंत नेण्यास संस्थेचे चाळीस रुपये लागतात. नुकतीच दृष्टी गेलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी दीडशे लागतात, आणि ब्रेलपासून सुरुवात करावी लागणाऱ्या बधिरांध व्यक्तीसाठी चारशे. या संस्थेचा व्यवस्थापक कितीही सहृदय असला, तरी वर्षअखेरीस पगार द्यायचे असतील तर तो पहिल्या प्रकारचे उमेदवार शोधू लागतो. तिसऱ्या प्रकारच्या उमेदवाराला कोणी नकार देत नाही. त्याची नोंदणी होते, दर महिन्याला दूरध्वनी होतो, आणि त्यापलीकडे काही होत नाही. ब्रिटनमध्ये २०११ ते २०१७ या काळात चाललेल्या ‘वर्क प्रोग्राम’ या योजनेत मोबदल्याचा बहुतांश भाग नोकरी टिकल्यावर दिला जात होता, आणि तेथे हाच प्रकार अभ्यासकांनी नोंदवला: कामाला जवळ असलेल्यांना आधी उचलले गेले आणि दूर असलेले नुसते यादीवर राहिले.

यावर ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये एक तोडगा काढला. अपंग व्यक्तींच्या रोजगार सेवेत उमेदवाराच्या अडचणींनुसार मोबदल्याचे पाच स्तर ठरवण्यात आले, आणि नोकरी ४, १३, २६ आणि ५२ आठवडे टिकल्यावर टप्प्याटप्प्याने रक्कम मिळू लागली. वरच्या स्तरातील, म्हणजे अधिक अडचणी असलेल्या, उमेदवारासाठी अधिक पैसे. तत्त्व योग्य आहे. मात्र अशी श्रेणी मागील नोंदींच्या आधारे लावली जाते: या वयाच्या, या प्रकारच्या अपंगत्वाच्या, इतका काळ बेकार असलेल्या व्यक्तींना पूर्वी किती वेळा नोकरी लागली, हे पाहून. बधिरांध व्यक्ती संख्येने इतक्या थोड्या असतात, आणि पूर्वी त्यांना इतकी कमी सेवा मिळालेली असते, की त्या नोंदींतून त्यांच्या खऱ्या खर्चाचा अंदाज लागणेच कठीण. ज्यांना आजवर सेवा मिळाली नाही त्यांचा खर्च जुन्या हिशेबात दिसणार कसा?

आणखी एक मुद्दा येथेच नोंदवावासा वाटतो. सर्व प्रकारच्या अपंगत्वासाठी मिळून एकच मोठा ठेका दिला, तर कागदावर व्यवस्थापनाचा खर्च वाचतो. पण ब्रेल शिकवणारा, काठीचे प्रशिक्षण देणारा आणि स्पर्शी सांकेतिक भाषा जाणणारा कर्मचारी नोकरीवर ठेवणे मोठ्या सर्वसाधारण संस्थेला परवडत नाही, कारण तिच्याकडे येणाऱ्या शंभर जणांत असे एक-दोनच असतात. अंधांसाठीच काम करणाऱ्या छोट्या संस्थेकडे हे कर्मचारी असतात. ठेका गेल्यावर ते विखुरतात, आणि एकदा विखुरलेले असे मनुष्यबळ पुन्हा उभे करण्यास अनेक वर्षे जातात.

‘यश’ या रकान्यात काय लिहायचे

अमेरिकेतील एक बदल या सर्व चर्चेच्या मुळाशी जाणारा आहे. तेथे फार वर्षे व्यावसायिक पुनर्वसनाच्या यशस्वी निकालांमध्ये ‘गृहिणी’ किंवा घर सांभाळणारी व्यक्ती हाही एक निकाल धरला जात असे. उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेक स्त्री-पुरुषांना या वाटेने काठीचे, स्वयंपाकाचे, ब्रेलचे आणि संगणकाचे प्रशिक्षण मिळत असे, आणि अंधांसाठीच्या राज्य संस्था हा निकाल मोठ्या प्रमाणावर वापरत असत. २०१४ मध्ये नवा मनुष्यबळ कायदा आला, त्याने इतरांच्या बरोबरीने आणि इतरांच्याच वेतनावर केलेली नोकरी हे उद्दिष्ट ठरवले, आणि २०१६ च्या नियमांनी विनावेतन घरकाम यशाच्या व्याख्येतून वगळले.

या निर्णयामागचे कारण खोटे नव्हते. काम करण्याची इच्छा आणि कुवत असलेल्या एखाद्या अंध स्त्रीला नोकरी शोधून देण्याचे कष्ट न घेता ‘गृहिणी’ असा शिक्का मारून प्रकरण बंद करणे यंत्रणेला फार सोपे होते, आणि ते तिच्यावर अन्याय करणारे होते. पण व्याख्या बदलली तसा तिच्या आधाराने मिळणारा पैसाही गेला. ज्या वृद्धांना नोकरी नको होती, परंतु स्वतःच्या घरात स्वावलंबी राहायचे होते, त्यांच्यासाठी पंचावन्न वर्षांवरील अंध व्यक्तींची स्वतंत्र योजना उरली, जिला केंद्राकडून वर्षाला साधारण ३.३ कोटी डॉलर एवढेच मिळत आले आहेत; व्यावसायिक पुनर्वसनाची योजना मात्र अब्जावधी डॉलरची आहे. एका रकान्यातला एक पर्याय काढला आणि हजारो माणसे एका दारातून दुसऱ्या, कितीतरी अरुंद दारापाशी गेली. माझ्या मते उद्दिष्ट बदलणे बरोबर होते, आणि त्यासोबत दुसऱ्या योजनेची तरतूद न वाढवणे ही गंभीर चूक होती.

याच कायद्याने व्यावसायिक पुनर्वसनाच्या निधीपैकी किमान पंधरा टक्के रक्कम शाळकरी विद्यार्थ्यांना नोकरीच्या जगाची ओळख करून देण्यासाठी राखून ठेवली. तरुणांसाठी हे फार मोलाचे आहे. पण एकूण रक्कम तेवढीच राहून तिचा एक भाग राखीव झाला की प्रौढांच्या वाट्याला तेवढे कमी येते, हे साधे गणित त्या वेळी पुरेशा स्पष्टपणे मांडले गेले नाही.

दुभाष्याचा खर्च आणि त्यावरची मर्यादा

नोकरी लागल्यानंतरचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर ब्रिटनने दिले. तेथे १९९४ पासून ‘ॲक्सेस टू वर्क’ ही योजना चालते. तिच्यातून नोकरीत असलेल्या अपंग व्यक्तीला साहाय्यक, दुभाष्या, विशेष उपकरणे आणि प्रवास यांसाठी अनुदान मिळते. हा पैसा संस्थेसाठी नसून त्या व्यक्तीच्या गरजेनुसार ठरतो, आणि तिने नोकरी बदलली तर नव्या जागेसाठी पुन्हा मूल्यमापन करून मदत घेता येते. मालकाच्या दृष्टीनेही हा मोठा दिलासा आहे, कारण ‘हिला नेमले तर दुभाष्याचा पगारही मला द्यावा लागेल’ ही भीती निघून जाते.

२०१५ मध्ये या अनुदानावर वार्षिक कमाल मर्यादा घालण्यात आली: देशातील सरासरी वेतनाच्या दीडपट. बहुसंख्य लाभार्थ्यांना तिचा स्पर्शही झाला नाही, कारण त्यांचा खर्च त्याहून कितीतरी कमी होता. जे मोजके लोक मर्यादेच्या वर होते त्यांच्यात सांकेतिक भाषेच्या दुभाष्यावर दिवसभर अवलंबून असलेले कर्णबधिर कर्मचारी प्रामुख्याने होते, आणि बधिरांध व्यक्तीचा खर्च तर आणखी वर जातो, कारण दुभाष्ये दोन लागतात. त्यांना आठवड्यातले किती दिवस आपण बैठकांना बसू शकतो याचा हिशेब करावा लागला. वरिष्ठ पदावर बढती घेतल्यास बैठका वाढतील आणि अनुदान संपेल, असा विचार काहींना करावा लागला. बरीच मोहीम झाल्यावर २०१८ मध्ये ही मर्यादा सरासरी वेतनाच्या दुप्पट करण्यात आली. सरासरीवर आधारलेली मर्यादा सर्वांना सारखीच लागू दिसते, पण तिचा भार मोजक्या आणि ओळखता येण्याजोग्या लोकांवरच पडतो, हे या प्रकरणातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच इतरत्र दिसते.

काही वाचकांच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहील, आणि तो टाळणे योग्य होणार नाही: एखाद्याच्या पगारापेक्षा त्याच्या साहाय्याचा खर्च अधिक असेल, तर सरकारने तो का करावा? याचे एक उत्तर आर्थिक आहे. ती व्यक्ती घरी बसली तरी खर्च शून्य होत नाही. निर्वाह भत्ता, देखभाल आणि एकाकीपणातून उद्भवणारे आजार यांचा भार कोणावर तरी पडतोच, आणि तिचे शिक्षण व कौशल्य वाया जाते ते वेगळेच. दुसरे उत्तर त्याहून मूलभूत आहे. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील २७ वे कलम इतरांच्या बरोबरीने काम करण्याचा हक्क मान्य करते, आणि हक्काची किंमत त्या व्यक्तीच्या पगाराच्या पावतीवरून ठरवायची नसते.

दोन विभागांच्या मधली जागा

बधिरांध व्यक्तीची सर्वांत मोठी अडचण प्रशासकीय वर्गीकरणातून निर्माण होते. अंधांसाठीची योजना बोलण्या-ऐकण्यावर चालते. तेथील प्रशिक्षक तोंडी सूचना देतो आणि संगणक बोलतो. कर्णबधिरांसाठीची योजना पाहण्यावर चालते. तेथे सांकेतिक भाषा, लेखन आणि चित्रफिती असतात. दोन्हीकडे ‘तुम्ही दुसऱ्या विभागाकडे जा’ हे उत्तर प्रामाणिकपणे दिले जाऊ शकते, आणि दोन्हीकडचे पैसे एकत्र जोडून त्या व्यक्तीसाठी एक आराखडा करण्याचा अधिकार कोणाकडेच नसतो. बधिरांधत्व म्हणजे अंधत्व अधिक बहिरेपणा अशी बेरीज नाही. एका इंद्रियाची उणीव भरून काढण्यासाठी जे दुसरे इंद्रिय वापरले जाते तेच येथे उपलब्ध नसते, म्हणून ते स्वतंत्र अपंगत्व मानावे लागते. युरोपीय संसदेने २००४ मध्ये एका लिखित घोषणेद्वारे हे मान्य केले, आणि जर्मनीने २०१६ च्या अखेरीस अपंगत्वाच्या ओळखपत्रावर बधिरांधत्वासाठी स्वतंत्र चिन्ह आणले. अमेरिकेने १९६७ मध्येच बधिरांध तरुण आणि प्रौढांसाठी राष्ट्रीय केंद्र उभारण्याची तरतूद केली, जे आज हेलन केलर यांच्या नावाने चालते आणि ज्याला केंद्र सरकारचा थेट निधी मिळतो.

भारतात १९९५ च्या कायद्यातील अपंगत्वाच्या यादीत बधिरांधत्व नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते समाविष्ट केले आणि सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण तीनवरून किमान चार टक्के केले. त्यात अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी एक टक्का स्वतंत्र आहे. बधिरांध व्यक्तींचा समावेश मात्र स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध अपंगत्व यांच्यासोबतच्या सामाईक एक टक्क्यात होतो. कायद्याने नाव घेतले, ही मोठी प्रगती आहे. पण आरक्षण पद राखून ठेवते. त्या पदावर रुजू झालेल्या व्यक्तीच्या स्पर्शी दुभाष्याचे मानधन दरमहा कोणत्या लेखाशीर्षातून निघेल, याचे उत्तर टक्केवारीत मिळत नाही. ते स्वतंत्रपणे, नेमणुकीच्या आदेशासोबतच, द्यावे लागते.

म्हणून एखादी नवी योजना जाहीर झाली की तिचा मसुदा वाचताना काही जागा नीट तपासाव्यात. पैसे नोकरी लागल्यावरच मिळणार असतील, तर त्याआधीच्या प्रशिक्षणाच्या महिन्यांचा खर्च संस्थेने कशातून भागवायचा हे पाहावे. उपकरणाला मंजुरी मिळण्याची मुदत ठरलेली आहे का ते पाहावे, कारण ब्रेल डिस्प्ले रुजू झाल्यानंतर काही महिन्यांनी आला तर तोवर परिवीक्षा काळ संपलेला असतो आणि कामगिरी असमाधानकारक म्हणून नोंदली गेलेली असते. अमेरिकेत पात्रता ठरवण्यासाठी साठ दिवस आणि त्यानंतर वैयक्तिक आराखड्यासाठी नव्वद दिवस अशी कमाल मुदत कायद्यानेच घातली आहे. उपकरणाच्या खरेदीलाही अशी मुदत सर्वत्र असायला हवी. कार्यालयातील संगणक प्रणाली बदलली आणि स्क्रीन रीडर एका सकाळी गप्प झाला, तर आधीच बंद झालेले प्रकरण पुन्हा उघडता येते का, हेही विचारावे. अनेक नोकऱ्या याच कारणाने जातात, आणि त्या गेल्याची नोंद अपंगत्वाच्या खात्यावर होते.

शेवटी नोंदींचा प्रश्न उरतो. अमेरिकेतील राज्य संस्था केंद्राला जी माहिती पाठवतात तिच्यात बधिरांधत्वासाठी स्वतंत्र संकेतांक आहे, त्यामुळे किती जणांनी अर्ज केला, किती जणांना सेवा मिळाली आणि किती जण नोकरीवर गेले हे निदान पाहता येते. तरीही ज्याचे अंधत्व आधी नोंदले गेले आणि बहिरेपणा नंतर वाढला, ती व्यक्ती पुष्कळदा केवळ ‘अंध’ म्हणूनच मोजली जाते आणि तिच्यासाठी दुभाष्याची तरतूद होत नाही. प्रत्येक योजनेत दोन्ही क्षमतांची तपासणी नोंदणीच्या वेळी आणि पुढे ठरावीक अंतराने व्हावी, बधिरांध व्यक्तींचा रकाना वेगळा असावा, आणि त्या रकान्यातले प्रतीक्षा यादीचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत. याला फार पैसा लागत नाही, आणि पुढच्या वर्षी किती दुभाष्ये, किती ब्रेल शिक्षक आणि किती साहाय्यक यांची तरतूद करायची हे त्यावाचून कोणत्याही अर्थ विभागाला ठरवता येणार नाही.